तेरावी दोरी

शुक्रवार, १७ जानेवारी. मांडणीचा दिवस. सकाळी नऊ. हजर: अध्यक्ष, जे जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांतून शिल्पं करतात. धामणगाव रेल्वेहून माझी मैत्रीण, मातीकाम करणारी, कॉलेजपासूनची. तिवशाचे शिक्षक नवरा-बायको. भातकुलीहून एक, जे हरभऱ्याच्या रिकाम्या पोत्यांवर चित्रं काढतात. अमरावतीतले सातजण, त्यांत मी. आणि अकोल्याहून एक बाई, मंडळात आल्याला तिसरं वर्ष. एकूण तेरा. गैरहजर दोन, दोघांनी कळवलं होतं.

ही नोंद माझ्याच रजिस्टरातली आहे. आमच्या कलावंत मंडळाची मी अकरा वर्षं सचिव आहे. शाळेत चित्रकला शिकवते, घरी रंगवते, आणि उरलेल्या वेळात याद्या करते. खिळे किती, हातोड्या किती, चहाला दूध किती, कोणाला शुगर आहे, कोणाला जिना चढवत नाही. मंडळ चालतं ते यादीवर, असं अध्यक्ष दरवर्षी उद्घाटनात म्हणतात. लोक टाळ्या वाजवतात आणि मग दुसऱ्याच कोणाचं तरी काम बघायला जातात.

प्रदर्शन तीन दिवसांचं. शुक्रवारी मांडणी, शनिवार-रविवार लोकांसाठी. जागा म्हणजे एक बंद पडलेली शाळा. रांगेत तीन खोल्या, पुढून एक लांब पॅसेज. डावी खोली अंधारी, उजवीत दुपारनंतर ऊन थेट भिंतीवर येतं. मधली खोली मात्र देवानं चित्रांसाठीच बांधल्यासारखी. वर काचेचा झरोका, खिडकी एकही नाही, चारी भिंती सलग. दार सोडून एक्केचाळीस फूट भिंत मिळते. मी मोजलेली आहे. एकदा नाही, चारदा.

मधल्या खोलीबद्दल मंडळाचा एक नियम आहे. दरवर्षी ती एकट्याला मिळते, आणि पुढच्या वर्षी कोणाला ते यंदाच्या प्रदर्शनात ठरतं. प्रत्येक सभासदाकडे कपडे वाळत घालायचा एक चिमटा असतो, त्यावर मार्करनं त्याचा नंबर. प्रत्येक कामाखाली एक हात लांबीची सुतळी बांधलेली असते. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत आपला चिमटा आवडत्या कामाच्या दोरीला लावायचा. स्वतःच्या नाही. नंबर दिसतात, लपवाछपवी नाही. सगळ्यात जास्त चिमटे ज्याच्या दोरीला, त्याला मधली खोली. सचिवानं मोजायचं, अध्यक्षांनी फक्त नाव जाहीर करायचं. कोणाला किती ते सांगायचं नाही, म्हणजे एक चिमटा मिळालेल्याला घरी तोंड दाखवता येतं.

दुसरा नियम, आपलं काम आपण टांगायचं नाही. शुक्रवारी सकाळी चिठ्ठ्या काढायच्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याचं काम आपण टांगायचं, जागा आपण ठरवायची, दोरीही आपणच बांधायची. दुसऱ्याचं काम हातात धरल्याशिवाय ते कळत नाही, असं मंडळ सुरू करणाऱ्यांचं म्हणणं होतं. पंचवीस वर्षांत कोणी हा नियम मोडलेला नाही.

यंदाच्या चिमट्यांवर पुढच्या वर्षीची मधली खोली मला मिळेल असं सगळे धरून चालले होते. मीही. दोन वर्षं मी टाक्या रंगवत होते. अमरावतीच्या गच्च्यांवरच्या काळ्या, पिवळ्या, उन्हानं फिकट झालेल्या पाण्याच्या टाक्या. अकरा कॅनव्हास तयार होते, आणखी अकरा डोक्यात. बावीस कॅनव्हास एका उंचीवर, चारी भिंतींवर, एक्केचाळीस फुटांत. मधे उभं राहून गर्रकन फिरलं की आपण शहराच्या गच्चीवर. त्याचं मोजमाप मी वहीत करून ठेवलं होतं, खिळ्यांसकट.

मी चिठ्ठी उघडली. त्यात अकोल्याच्या बाईचं नाव.

तिच्याबद्दल सांगायला हवं. ती अकोल्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते आणि माइकवरून गाड्या पुकारते. चित्रकलेचं शिक्षण नाही. पहिल्या वर्षी मैत्रिणीनंच तिला आणलं, आवाज छान आहे म्हणून. तेव्हा तिनं उद्घाटनाचं सूत्रसंचालन केलं. दुसऱ्या वर्षी सभासद झाली आणि तिकिटांचे तुकडे चिकटवून काहीतरी केलं, ते ठीक होतं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, म्हणाली, मी प्रत्यक्ष बसून सादर करणार. मी जी. डी. आर्ट केलं तेव्हा ही कदाचित दहावीत असेल. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या शुक्रवारी हेच माझ्या डोक्यात होतं.

"ताई, मले काय पायजे सांगू?" ती म्हणाली. "एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग. बास."

"भिंत?"

"भिंत काय करू? मी काही भिंतीले चिकटून थोडीच बसणार."

मी यादीत लिहिलं: टेबल १, खुर्च्या २, प्लग १, भिंत नको. आणि तिला पॅसेजमध्ये, संडासाकडे वळायच्या अलीकडे, बसवलं. कारण सांगता येण्यासारखं होतं. भिंत नको म्हणाली, भिंत दिली नाही. प्लग स्टोअररूममध्ये होता, म्हणून खिडकीच्या गजांवरून लांब वायर आणली. ती वायर अर्ध्या पॅसेजभर लोंबत होती. मी तिला दोन जागी सुतळीनं बांधली, कोणी अडखळू नये म्हणून. सुतळी हातात होती. कात्रीही.

सकाळी मी यादीप्रमाणे तेरा दोऱ्या कापल्या होत्या. त्यातली एक उरली.

"माही दोरी कुठं बांधता?" तिनं विचारलं.

"दोरी टांगलेल्या कामाला असते," मी म्हणाले. "तुमचं टांगलेलं काय आहे?"

ती हसली. "हे बी खरं. आता मी काय स्वतःलेच टांगून घेऊ?"

तिवशाच्या सर-मॅडमही हसले. मी हसले. आणि तेरावी दोरी गुंडाळून पर्समध्ये टाकली. विसरले असं म्हणता येणार नाही. मी काही विसरत नाही, हीच माझी ख्याती आहे.

शनिवारी अकरा वाजता ती बसली. अंगावर रोजची साडी, त्यावर कामावरचं खाकी जाकीट. समोर आखीव वही आणि तिनं सोबत आणलेला माइक. सुरुवातीला कोणी आलं नाही. मी मनात म्हटलं, बसा आता. मग एक वयस्क गृहस्थ संडासाकडे जाताना थांबले. तिनं विचारलं, "कुठं जायचं बाबूजी? आता जिथं जाता येत नाही, असं गाव सांगा."

ते म्हणाले, "धामणगाव रेल्वे. स्टेशनाभायेर काकाचं हॉटेल होतं."

"कोण्या मार्गानं?"

"शाळा बुडवून."

"घ्यायले कोण येणार?"

"कोण येणार? काकाच उभा राहील, हातात झारा घेऊन."

तिनं वहीत लिहिलं. माइक पुढे ओढला. आणि तो आवाज, जो अकोल्यात रोज हजारो लोक न ऐकता ऐकतात, आमच्या बंद शाळेच्या पॅसेजमधून तिन्ही खोल्यांत गेला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शाळा बुडवून मार्गे धामणगाव रेल्वेला, काकांच्या हॉटेलला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे. काका झारा घेऊन उभे आहेत. प्रवाशांनी कृपया उशीर करू नये."

ते गृहस्थ उठून उभे राहिले. खरंच, पिशवी उचलून.

माझ्या टाक्या उजव्या खोलीत होत्या, पॅसेजच्या दाराला लागून. समोर मी वीस खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. तासाभरात त्या सगळ्या खुर्च्या फिरल्या. लोकांनी स्वतःच फिरवल्या, पॅसेजकडे तोंड करून. वीस पाठी माझ्या अकरा टाक्यांकडे. मी दोनदा जाऊन खुर्च्या सरळ केल्या. तिसऱ्यांदा एक बाई म्हणाली, "राहू द्या ना वो, ऐकून राहिलो आमी."

मी तिला आवाजासाठी वाईट जागा दिली असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात पॅसेज हा त्या शाळेचा भोंगा होता. पंचवीस वर्षं त्या इमारतीत प्रदर्शन भरतं, आणि कोणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. मी तिला तिथं बसवलं नसतं तर कळलंही नसतं. यावर मी रागवू कोणावर?

दुपारी अध्यक्ष गेले तिच्यासमोर. "मले जायचं आहे साठीच्या आधीच्या माह्या कमरेकडं."

तिनं पापणी न हलवता माइक घेतला. "सदर गाडी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

पॅसेज हसून कोसळला. अध्यक्ष तर कठड्याला धरून हसत होते. अकरा वर्षांत माझ्या चित्रासमोर ते "हं, छान" याच्यापुढे गेलेले नाहीत.

मग मैत्रीण गेली. मी उजव्या खोलीच्या दारात होते, सगळं ऐकू येत होतं.

"तिवसा," ती म्हणाली. "बहिणीचं घर."

"घ्यायले कोण?"

ती खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "तीच येईल. पण तिचा पाय दुखते, म्हणून फाटकापर्यंतच."

तिच्या बहिणीला जाऊन दोन वर्षं झाली. मी त्या घरी दहाव्याला गेले होते, जेवणाची यादीही मीच केली होती. पायाचं आणि फाटकाचं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. पॅसेजमधून गाडी पुकारली गेली, आणि मैत्रीण डोळ्यांना पदर लावून तिथंच उभी राहिली. बाईनं माइक बंद केला, तिच्या हातावर हात ठेवला, आणि पुढच्या माणसाला हातानंच थांबवलं. मी दारातून पाहत होते. रडू तर मला यायला हवं होतं मैत्रिणीसाठी. मला आलं ते वेगळंच. तीस वर्षांत ती माझ्यासमोर अशी उभी राहिली नव्हती.

रविवारी मी शक्यतो पॅसेजमधून गेलेच नाही. संडासाला मागच्या दारानं वळसा घालून गेले. एकदाच ट्रे घेऊन जावं लागलं, आणि ती म्हणाली, "ताई, तुमी राहिल्या ना! कुठं जायचं तुमाले?"

"मला कुठं जायला वेळ आहे? कप मोजायचेत," मी म्हणाले.

माइक चालूच होता. तिन्ही खोल्यांत माझा आवाज गेला. लोक हसले. तिनं लगेच पुकारलं, "कप मोजायला जाणारी गाडी वेळेवर आहे. ती नेहमीच वेळेवर असते." पुन्हा हशा. मी ट्रे घेऊन पुढे गेले. त्यात टोमणा होता की कौतुक, हे मी त्या दिवशी ठरवलं नाही. आजही ठरलेलं नाही.

पाच वाजता मी मोजायला निघाले. बारा दोऱ्या, एकेक करून. माझ्या टाक्यांखाली चार चिमटे. अध्यक्षांच्या शिल्पाखाली दोन, त्यातला एक माझा. भातकुलीच्या पोत्यांखाली एक. मैत्रिणीच्या रांजणाखाली एक. माझ्या चारांत एक तेरा नंबरचा होता, म्हणजे तिचा. अकोल्याच्या बाईनं आपला चिमटा मला दिला होता.

एकूण आठ. चिमटे तेरा. मी लिहिलं: न लावलेले, पाच. असं होतं कधीकधी. गेल्या वर्षी दोघांनी लावले नव्हते. पाच जरा जास्त होते, ते मला जाणवलं. पण बारा दोऱ्या, बाराही तपासल्या, हिशेब पूर्ण. पॅसेजमध्ये दोरी नव्हती म्हणून मी पॅसेजमध्ये गेले नाही.

साडेपाचला अध्यक्षांनी माझं नाव जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मैत्रिणीनं मिठी मारली. बाई अकोल्याची गाडी पकडायची म्हणून घाईत होती, तरी थांबली. "मी तं तुमालेच देला होता चिमटा. त्या टाक्या पाहून मले सकाळी पाच वाजताचं पानी आठवलं, नळाले आलेलं. आता पुढच्या वर्षी मधल्या खोलीची गाडी मी पुकारीन. फुकट."

मी खूष होते. तासभर खरोखर खूष होते, ते लिहून ठेवते.

सगळे गेल्यावर मी आवराआवर करत होते. बाहेर अंधार पडला होता. टेबल उचललं, खुर्च्या मोजल्या, मग वायर गुंडाळायला घेतली. खिडकीच्या गजांपर्यंत आले आणि हाताला काहीतरी कडक लागलं. चिमटा. दोन नंबर. पुढे सहा. पुढे नऊ. मग एक, अध्यक्षांचा. मग दहा.

लोकांना दोरी दिसली नव्हती, म्हणून त्यांनी वायरीला लावले होते. मीच सुतळीनं बांधलेल्या वायरीला. प्रत्येकाला वाटलं असणार, सचिव बघेल. सचिव सगळं बघते. आकडे सांगायचे नाहीत हा नियम, त्यामुळे कोणी विचारलंही नाही. नाव जाहीर झालं, याचा अर्थ तिच्यापेक्षा मला जास्त पडले असणार, असंच सगळ्यांनी धरलं.

तिला पाच, मला चार.

दोन नंबर माझ्या मैत्रिणीचा आहे.

मी चिमटे काढले, रिकाम्या दुधाच्या पिशवीत घातले, पिशवी पर्समध्ये, तेराव्या दोरीशेजारी. रजिस्टर उघडलं नाही.

आठवड्यानं मैत्रिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग तीच म्हणाली, "रागावू नको हो, माहा चिमटा मी तिच्या वायरले लावला होता. तुले तं बाकीचे देणारच होते. तुही खोली पक्कीच होती."

बोलायची संधी ती हीच होती. माझ्या तोंडून आलं, "चालतं गं."

"काहून, आवाज असा काहून येऊन राहिला तुहा?"

"सर्दी आहे."

फेब्रुवारीत शाळेच्या कामासाठी अकोल्याला जावं लागलं. काम दोन तासांत झालं. परतीसाठी स्टँडवर आले, पर्समध्ये चिमट्यांची पिशवी होतीच. चौकशीची खिडकी लांबून दिसत होती, पण मी गाड्यांकडे तोंड करून उभी राहिले. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. मूर्तिजापूर, बडनेरामार्गे अमरावती. नेहमीचीच ओळ, कुठलाही काका नाही, झारा नाही. पण माझ्या शेजारी बाकावर आडवा झालेला एक माणूस आवाज ऐकून उठला, पिशवी उचलली आणि आपली गाडी नसतानाही क्षणभर फलाटाकडे बघत राहिला. मग परत आडवा झाला. मी हे पाहिलं. इथं, तिच्या नोकरीच्या जागी, ऊन आणि धुरात, काही मांडलेलं नसताना, तिला जे जमतं ते मला एक्केचाळीस फूट भिंत घेऊनही जमेल की नाही, हे माहीत नाही.

खिडकीपर्यंत तीस पावलं होती. मी अमरावतीच्या गाडीत चढले.

टाक्यांचे आणखी पाच कॅनव्हास झालेत. उरले सहा. रंग चांगला लागतो आहे. त्यातल्या एका चित्रात, नकळत, पहाटे पाचचा उजेड आला. तो मी पुसणार होते. पुसला नाही.

दर रविवारी मी आठवड्याची यादी करते. जानेवारीपासून प्रत्येक यादीत एक ओळ आहे: अध्यक्षांना फोन, वायरीचे पाच. बाकीच्या ओळींवर शनिवारपर्यंत काट बसते, ही ओळ पुढच्या पानावर उतरवून घ्यावी लागते. आधी ती शेवटी लिहायचे. मग मधे. गेल्या रविवारी पहिल्या क्रमांकावर लिहिली. दूधवाला, गॅस, दुसरीच्या मुलांचे रंगपेट्यांचे पैसे, कॅनव्हासचे खिळे, आईची औषधं, सगळं झालं. आज शनिवार, दुपारचे चार वाजलेत. अध्यक्ष चारनंतर घरी असतात.

क्रमांक एक अजून तसाच.